बोंब कोणाची ते विचारू नये

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

कंपनीने यंदा दिलेली दैनंदिनी आजवर टीव्हीखाली पडून होती. काकू तिच्यावर गरम पातेलं ठेवायची. आज ती पुसून घेतली, कारण लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

पहिल्या पानावर ओळख लिहायची असते म्हणून लिहितो. मी साहिल, राहणार कापडे, तालुका पोलादपूर. महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांसाठी खोकी बनवणारी कंपनी आहे, तिथे एचआर. घरी मी आणि बनुबाई, म्हणजे माझी काकू. काका गेल्यापासून तीही आमच्याच कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराच्या हाताखाली. कंपनीत ती मला ‘साहेब’ म्हणते आणि घरी भांडी घासायला लावते.

तर झालं असं. उद्योगधंद्यांनी माणसांचे हक्क कसे जपावेत यासाठी सरकारचा एक राष्ट्रीय आराखडा आहे. तो आता सुधारायचा आहे, म्हणून ठिकठिकाणी बैठका घेऊन सूचना मागवतायत. आपल्या भागाची बैठक पुढच्या महिन्यात पनवेलला आहे. कामगारांच्या तक्रारी उत्तम हाताळणारी एक कंपनी तिथे उदाहरण म्हणून हवी होती, आणि कारखानदारांच्या संघटनेने आमचं नाव दिलं! आमच्या मॅनेजर हिरेमठ साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की भाषण तुम्हीच करायचं.

नाव देण्यासारखंच आहे म्हणा. मी तक्रारपेटी बसवल्याला दोन वर्षं झाली. लाल रंग, पितळी कुलूप, मेन गेटवर वॉचमनच्या खुर्चीशेजारी, आणि कोणी छेडछाड करू नये म्हणून बरोबर वर कॅमेरा. दोन वर्षांत एकही तक्रार नाही. याहून चांगला कारखाना सरकारला कुठे मिळणार?

शनिवार, २२ फेब्रुवारी

भाषणाला सुरुवात केली. ‘शून्य तक्रार, अपार विश्वास’ असं शीर्षक सुचलं. काकूला वाचून दाखवलं तर ती नुसती हं म्हणाली.

काकूची एक गंमत. कंपनीच्या बसमधून उतरली की ती चपला काढायच्या आधी मागच्या दारी पळते आणि परत आली की तांब्यावर तांब्या पाणी पिते, उभ्या उभ्या. आज म्हटलं, अगं कंपनीत पाणी मिळत नाही का? ती म्हणाली, “मिलतं की.” मग म्हटलं, पीत का नाहीस? तर म्हणाली, “तू भाकरी खा.”

विचार केल्यावर ध्यानात आलं. आमच्या पॅकिंगमधल्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो. डोंगरातलं पाणी प्यायलेली माणसं ती, त्यांना कसं रुचणार? साहेबांकडे थंड पाण्याचा कूलर मागायचा. अशी गोष्ट पेटीत पडण्याआधी ओळखणारा एचआर विरळा, हे मी स्वतःच्या तोंडाने कशाला सांगू, पण भाषणात घालायला हरकत नाही.

शनिवार, १ मार्च

कूलर आला! हार घातला, नारळ फोडला, साहेबांनी पहिला पेला भरून घेतला. सगळ्या बायका ओळीने उभ्या होत्या. पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या. पाणी मात्र कोणी घेतलं नाही. लाजल्या असतील.

बुधवार, ५ मार्च

कूलर भरलेला तो भरलेलाच. ‘पाणी भरपूर प्या, तब्येत सांभाळा’ असा बोर्ड लावला, खाली हसऱ्या थेंबाचं चित्रही काढून घेतलं. तरी तीच तऱ्हा. माझं मन जरा खट्टू झालं.

मग मासूमाला विचारलं. मासूमा महाडची, काकूच्याच टेबलावर असते, नवरा उबेद टेम्पो चालवतो. ती म्हणाली, मला रोजे आहेत. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मैत्रीण दिवसभर पाणी पीत नाही म्हणून बाकीच्या बायकांनीही पाणी सोडलंय! कोणी सांगितलं नाही, ठरवलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. असा कारखाना आपल्या देशात आहे हे दिल्लीला कळलं पाहिजे. भाषणात एक अख्खा परिच्छेद लिहिला.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

काल होळी लागली. रागावलोय की हसून हसून दमलोय ते कळत नाही.

आमच्या शिमग्याची रीत अशी: होळी पेटली की गावाने भोवती फेर धरायचा आणि ज्याला जे बोचलंय त्याने ते जुळवून बोंब ठोकायची. सरपंच, सासरा, सावकार, कोणाच्याही नावाने. ऐकणाऱ्याने हसायचं. राग धरायचा नाही. बोंबा पुरुषांनी मारायच्या, बायकांनी नैवेद्य दाखवून मागे उभं राहायचं.

सावरीचं झाड सरळसोट उभं केलेलं, गवत चांगलं वाळलेलं, एकदम ज्वाळा वर गेली. पोरांनी सुरुवात माझ्यापासूनच केली. कंपनीची बस, कॅन्टीनची आमटी, ठेकेदार चांगूशेठचं पोट, सगळं झालं. मीही टाळ्या देत होतो. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी पुढे आलं, पदर खोचला आणि तोंडावर उलटा हात नेला. माझी काकू.

“कंपनीत बसवली पाण्याची टाकी,
संडासाची किल्ली सुपरवायझर राखी!
घोटभर पाणी प्यावं कसं,
किल्ली मागताना होतं हसं!”

आणि अशी बोंब ठोकली की कुत्री पळाली. बाईने बोंब मारल्याचं कापड्यात कोणी पाहिलेलं नाही. सगळे आमच्या गावकीच्या म्होरक्याकडे, भिकाजीबाबांकडे बघायला लागले. बाबांनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, “होली काय फक्त बाप्यांची हाय? मारा गो.” मग काय, पॅकिंगला येणाऱ्या सगळ्या बायका पुढे सरसावल्या. एकेकीला किल्लीवर काय काय सुचलेलं! मी हसता हसता थांबलो, कारण मला कळलं.

बायका पाणी पीत नाहीत. संडासला जावं लागू नये म्हणून. मी त्यांना कूलर दिला, बोर्ड दिला आणि वर थेंबाचं हसरं चित्र.

घरी आल्यावर काकूला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती पुरणपोळी वाढत होती. म्हणाली, घरातल्या पोराला असलं कसं सांगायचं, आणि कंपनीतल्या साहेबाला तर मुळीच नाही. आणि पेटी? पेटीजवळ वॉचमन बसतो आणि वर कॅमेरा, तिथे चिठ्ठी टाकायला ती काय वेडी आहे?

मला फार लाज वाटली. तरी दोन पोळ्या खाल्ल्या.

शनिवार, १५ मार्च

सकाळी बस थांबल्या थांबल्या पॅकिंगमध्ये गेलो. बायकांच्या संडासला कुलूप आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर, लाकडाच्या ओंडक्याला बांधलेली. ओंडका एवढा मोठा की घेऊन जाताना सगळ्यांना दिसावा. बायका मोबाइल घेऊन बसतात म्हणून कुलूप लावलं, असं तो म्हणाला. मी रोज त्या दारावरून जातो. मला वाटायचं सामानाची खोली आहे.

साहेबांना सांगायला निघालो तर साहेबच समोरून आले. कोणीतरी होळीचा व्हिडिओ त्यांना पाठवला होता. साहेब सोलापूरकडचे, त्यांना आपला शिमगा ठाऊक नाही. व्हिडिओत धूर आणि आरडाओरडा, तोंड कोणाचंच दिसत नव्हतं. शेजारी चांगूशेठ. साहेबांनी शांतपणे विचारलं, “हे कोण म्हणालं?”

काकूचा चेहरा पडला. मी तिच्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि जमिनीकडे बघितलं. त्या वेळी मी पुढे झालो नाही हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

तेवढ्यात मागून आवाज आला, “मी म्हनाले.” मासूमा.

महाडच्या मोहल्ल्यात राहणारी, रोजा सोडून रात्रीच्या तरावीहच्या नमाजाच्या गडबडीत असणारी मासूमा म्हणे कापड्याच्या माळावर होळीला बोंब मारायला आली होती! एकूणएक बायकांना ठाऊक की हे शक्य नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबांना. त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले. दुपारपर्यंत कुलूप निघालं.

मी मासूमाला गाठून विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, “बनुबाईच्या घरात एक तुमीच, आनि तुमची नोकरी पन त्यांच्याच हातात. माज्या घरी उबेदचा टेम्पो हाय. काय व्हायचं ते माजं होऊंदे.”

सोमवार, १७ मार्च

कुलूप गेलं आणि मासूमाही गेली. तिला चांगूशेठने शनिवारी संध्याकाळीच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कागद नाही, कारण नाही.

बायका संडासला जाऊन येतायत, पण कोणाच्या तोंडावर हसू नाही. मासूमाची जागा रिकामी ठेवून बाकीच्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या आहेत. काकू माझ्याशी बोलत नाही. साहेबांच्या केबिनपाशी दोनदा गेलो आणि परत आलो. त्यांच्याच हुकमाने झालं असणार, मग विचारायचं कोणाला? भाषण चांगलं लिहा एवढंच ते मला म्हणाले.

शुक्रवार, २१ मार्च

काल रात्री काकूने बोलणं सुरू केलं ते असं: मी उद्या जाऊन सांगते बोंब माझी होती. मी म्हटलं, मग दोघी जातील. ती म्हणाली, जाऊ दे, एकीने जाण्यापेक्षा बरं. बैठकीपर्यंत थांब म्हणून कशीबशी तिची समजूत घातली.

आज भिकाजीबाबांकडे गेलो. ते पालखीचे गोंडे साफ करत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पाचवीतला पोरगा झालो.

“बोंब कोनाची ते कोन इचारतो रे? बोंब कशाची ते बघायचं. नाव इचारलं की दुसऱ्या वर्षी कोन तोंड उघडील? मंग होलीची निसती लाकडं जलतील.”

मी म्हटलं, बाबा, हे कंपनीत कोण ऐकणार? ते म्हणाले, “तू कंपनीत कशाला बोलतोस, तू दिल्लीवाल्यांसमोर बोलनार हायस ना?” आणि परत गोंड्यांना लागले.

बुधवार, २६ मार्च

आत्ताच पनवेलहून आलोय. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

साहेब गाडीने पुढे गेले होते. आम्ही उबेदच्या टेम्पोने: उबेद, त्याच्या शेजारी मासूमा आणि काकू, मी मागे ताडपत्रीवर. कोणालाही येता येतं असं बैठकीच्या जाहिरातीत होतं, म्हणून मी दोघींना बोलावलं होतं. पुढे काय करायचं ते मात्र ठरलं नव्हतं. वडखळपर्यंत मी धीट होतो, पुढे नाही.

मोठा हॉल, एसी, पाण्याच्या बाटल्या. समोर दिल्लीहून आलेल्या बाई, त्यांच्या शेजारी मराठीचं हिंदी करून सांगणारा माणूस. पहिल्या रांगेत साहेब. मागच्या रांगेत काकू, मासूमा आणि उबेद. माझं नाव पुकारलं. मी जागेवरच उभा राहिलो आणि करायची ती चूक केली. खिशातून भाषण काढून वाचायला लागलो.

शून्य तक्रार, अपार विश्वास. टाळ्या. लाल पेटी, पितळी कुलूप. टाळ्या. घाबरलेल्या माणसाला वाचणं फार सोपं असतं, वाचतच गेलो. आणि मग तो परिच्छेद आला. काढून टाकायचा राहिला होता. “आमच्या भगिनींनी आपल्या रोजेदार मैत्रिणीसाठी पाण्याचा थेंबही...”

मागून काकू हसली. तोंडाला पदर लावून हसली, पण काकूचं हसणं पदरात मावत नाही. मग मासूमा हसली. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसायला लागल्या की सगळा हॉल मागे वळला. दिल्लीच्या बाईंनी विचारलं, काय झालं?

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, मॅडम, हे खोटं आहे, पण मला ते खरं वाटलं होतं. मग सगळं सांगितलं. पेटीवरचा कॅमेरा, कूलर, हसरा थेंब, होळी, काकूची बोंब. (कोणाची ते सांगितलं नाही, ‘एका बाईने’ म्हटलं.) ओंडका हाताने दाखवला. लोक हसत होते. दुभाष्यालाही हसू आवरेना, बोंब हिंदीत कशी सांगायची ते त्याला कळेना, शेवटी त्याने तोंडावर हात मारून दाखवली.

मग मी सांगितलं, की हे कोण म्हणालं असं विचारलं गेलं, आणि जी बाई त्या गावात नव्हतीच तिने नाव स्वतःवर घेतलं, आणि त्याच संध्याकाळी तिचं काम गेलं. ती मागे बसली आहे.

हसणं बंद झालं. साहेबांच्या मानेकडे बघत मी मनात नोकरीला हात जोडले.

बाईंनी विचारलं, आराखड्यात काय लिहावं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, आमच्या गावचा शिमग्याचा नियम लिहा. तक्रार कोणाची ते विचारायचं नाही, कशाची ते बघायचं. आणि केल्यावर कोणी राग धरायचा नाही, कंपनीनेही नाही आणि ठेकेदारानेही नाही.

साहेब उठले. मला वाटलं संपलं सगळं. ते मागे वळून मासूमाला म्हणाले, तुम्ही रमजानसाठी काम सोडलंत असं मला ठेकेदाराने सांगितलं होतं. मग दिल्लीच्या बाईंना म्हणाले, मी नाव विचारलं ते आणखी कुठे कुठे अशी कुलपं आहेत हे त्या बाईंकडून समजून घ्यावं म्हणून. काढून टाकायला नव्हे. पण मी विचारलं आणि एका बाईची रोजी गेली, म्हणजे विचारणंच चुकलं. हे लिहून घ्या. मासूमाबाई, उद्या कामावर या. ठेकेदाराशी मी बोलतो.

म्हणजे मी केबिनच्या दारातून दोनदा परत आलो ते उगीचच! तेव्हाच विचारलं असतं तर! पण लाज वाटण्याइतका वेळ मिळाला नाही, कारण काकू उभी राहिली होती. हॉल मासूमासाठी टाळ्या वाजवायला लागला होता, ते तिला बघवलं नसावं.

“सायेब, पन बोंब माजी व्हती.”

साहेब तिच्याकडे बघून हसले. “मी विचारलेलं नाही,” ते म्हणाले.

काय टाळ्या पडल्या! मासूमा रडत होती, उबेद तिला माझ्या भाषणाचा कागद डोळे पुसायला देत होता. दिल्लीच्या बाईंनी आमची सूचना पुन्हा एकदा वाचून दाखवली आणि बरोबर आहे ना, असं मागच्या रांगेला विचारलं. आराखड्यात शेवटी काय उतरेल ते देव जाणे, त्यांनीही वचन दिलं नाही. पण त्यांनी ते लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली, मी पाहिलं.

येताना कोलाडला दिवस मावळून मगरिबची वेळ झाली. टेम्पो बाजूला लावून मासूमा आणि उबेदने खजुरावर रोजा सोडला. काकूने सगळ्यांना भजी घेतली आणि वडापाव घेतला आणि परत भजी घेतली. माझ्याशी ती आता नीट बोलते आहे.

शुक्रवार, २८ मार्च

मासूमा काल कामावर आली. बायकांनी तिला तिच्याच जागी उभं केलं. चांगूशेठ दिवसभर गोड बोलत होता, त्याचाच सगळ्यांना जास्त त्रास झाला. गेटवरची पेटी मी स्वतः काढली. आता दर पंधरवड्याला बायका आपापसात बसतील आणि त्यांच्यातली कोणीही एक येऊन सगळ्यांचं म्हणणं सांगेल, नावाशिवाय. साहेबांनी हो म्हटलं आहे. कसं चालतं बघू. माझ्या कल्पनांवर आता माझा पूर्वीइतका भरवसा नाही.

सोमवार, ३१ मार्च, ईद

काल पाडवा, आज ईद. काकूला घेऊन महाडला मासूमाकडे गेलो. काकूने गुढीची साखरेची माळ बरोबर नेली. घर माणसांनी भरलेलं, पॅकिंगच्या निम्म्या बायका तिथेच. हिरेमठ साहेबही येऊन गेले म्हणे, शिरखुर्मा दोनदा मागून घेतला.

मीही वाटी घेऊन बसलो. मासूमा समोर येऊन उभी राहिली. होळी नव्हती, बोंब नव्हती, यमक नव्हतं, भर दुपार होती आणि सगळे ऐकत होते.

“साहिलभाई, एक तक्रार हाय. तुमच्याच नावाची.”

मी म्हटलं, बोल.

“दर सोमवारी गेटवर उभं करून सुरक्षेचं भाषन करता. लई लांब करता. आनि उन्हात करता. आमची डोकी तापतात.”

कोणी हसलं नाही. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि काकू सर्वांत जास्त बघत होती. दोन वर्षांत तोंडावर आलेली पहिली तक्रार, आणि तीही माझी! मला फार आनंद झाला. भाषण आवडत नाही हे कळून थोडं वाईटही वाटलं, नाही असं नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. पुढच्या सोमवारपासून सावलीत आणि थोडक्यात.

मासूमाने मान डोलावली, माझी वाटी घेतली आणि न विचारता पुन्हा काठोकाठ भरली. तोवर मागून काकू म्हणाली, थांब जरा, माझीही एक आहे. आणि तिच्या मागे आणखी दोघी सरसावल्या.